व्हॉल्व्हवरचा लाल पट्टा

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. तुमच्या कॉलेजातल्या रोबोटच्या गमतीजमती लिहा की." मी हो म्हटलं. जन्मभर हवेवर पोट भरलं, हवेहून हलकं आणखी काय असणार, असं वाटलं. लिहायला बसल्यावर कळलं की गमती आहेत, पण त्या फिरूनफिरून एकाच जागी येऊन अडकतात. तेव्हा आधीच सांगते, हातात फराळाची ताटली असेल तर ती संपवा आणि मग वाचा.

मी सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवत होते. दाबाखालची हवा, तिच्यावर चालणारी यंत्रं आणि त्यांचे व्हॉल्व्ह हा माझा विषय. त्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. आमच्याकडचे माग हवेवर चालत. आडवा धागा हवेच्या झोताने या टोकाकडून त्या टोकाला फेकला जाई. वस्तीतल्या विहारामागच्या घरातून मी सायकलने कामावर जायची. डिप्लोमा झालेली मुलगी मेंटेनन्सला येणार म्हटल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला होता. ते घरी तेलुगू बोलत आणि आमच्याशी मराठी. म्हणाले, "अम्मा, कॉम्प्रेसरजवळ जाऊ नको, पदर अडकेल." मी म्हटलं, "मालक, मी पदरच घेत नाही, पँट घालते." मालक हसले आणि माझी नोकरी पक्की झाली.

हवेची पहिली भीती मी तिथेच शिकले. सुट्टी व्हायच्या आधी कामगार हवेची नळी हातात घेऊन अंगावरची सुताची धूस उडवायचे. टॉवेलच्या कारखान्यात माणूस संध्याकाळी पांढरा होऊन निघतो, घरी तसं कसं जायचं? एकदा एकाने नळी तळहातावर धरली. तळहातावर सकाळी कात्रीने कापलेली बारीकशी जखम होती. हवा त्या जखमेतून कातडीखाली शिरली. बघता बघता हात कोपरापर्यंत फुगला आणि बोटाने दाबला की आतून कुरकुर असा आवाज यायचा. तो माणूस वाचला, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून दिसते. आपल्याला रोज श्वासात लागते ती गोष्ट आपल्याला असं करू शकते, हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

कॉलेजात आल्यावर माझ्याकडे रोबोट आले. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा असते. दरवर्षी नवा खेळ ठरतो, कधी चेंडू टाकायचा, कधी कडी खांबावर फेकायची. मुलं वर्षभर खपून यंत्र बनवतात. जिथे झटक्यात जोर लागतो तिथे मोटर पुरी पडत नाही, म्हणून हवा वापरतात. एका टाकीत हवा दाबून भरायची. टाकीतून नळी व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्ह म्हणजे चौकातला पोलीस, हवा इकडे सोडायची की तिकडे ते तो ठरवतो. त्यापुढे सिलेंडर, त्याचा दांडा सटकन बाहेर येतो आणि कडी उडते. झालं, एवढंच यंत्र.

प्रत्येक व्हॉल्व्हवर दाबाचे दोन आकडे लिहिलेले असतात. दाबाला वर्कशॉपात सगळे 'किलो' म्हणतात, तसंच मीही म्हणते. समजा लिहिलंय दीड ते आठ. आठच्या वर गेलात तर व्हॉल्व्ह फुटेल, हे पोरांना लगेच कळतं. दीडच्या खाली गेलात तर व्हॉल्व्ह ऐकणारच नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरत नाही. हा व्हॉल्व्ह स्वतः हलायलाही त्याच हवेचा जोर घेतो. टाकीतली हवा कमी झाली की तो मान टाकतो, बटण दाबा नाहीतर पाया पडा. हा खालचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं काम तपासणीचं. वर्कशॉपात कुठलंही यंत्र माझ्या टेबलावर आल्याशिवाय कॉम्प्रेसरला जोडायचं नाही, हा नियम. पोरं मला मागे काय काय म्हणायची ते मला माहीत आहे, त्यातलं 'सासूबाई' हे त्यातल्या त्यात छापण्यासारखं. यंत्रावर एक मोठं लाल बटण असतं, ते दाबलं की वीज बंद. पोरांना वाटतं, वीज बंद म्हणजे यंत्र मेलं. पण टाकीतली हवा कुठे जाते? ती तिथेच असते. आणि वीज गेली की बरेच व्हॉल्व्ह आतल्या स्प्रिंगने आपल्या मूळ जागी येतात, त्यासरशी सिलेंडर हलतो. हे तोंडाने सांगून उपयोग नसे. मी डब्यातून एक काकडी जास्त आणायची, ती यंत्राच्या पंज्यात धरायची आणि म्हणायची, "हं, आता दाबा लाल बटण." कचकन काकडीचे दोन तुकडे. "ही तुमची बोटं." त्यानंतर ते पोरगं आधी हवा सोडायचं, सूं असा आवाज पूर्ण संपू द्यायचं, मगच हात आत घालायचं. त्या काकड्यांचा मला अभिमान आहे.

आता दत्ताकडे येते. दत्ता हे त्याचं खरं नाव नाही.

तो सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरचा. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं, आणि वडलांनी हिमतीने लावलेली डाळिंबाची बाग. त्या वडलांना तो अण्णा म्हणायचा. अण्णा एकदा कॉलेजात आले होते. वर्कशॉपच्या दारात चपला काढायला लागले. मी म्हटलं, "अहो, घाला घाला, आत लोखंडाचा कीस पडलेला असतो." तर म्हणाले, "यंत्राची जागा हाय, मॅडम. चपला कशा घालाव्या?" मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी संकोचून चपला घातल्या आणि रोबोटभोवती एक चक्कर मारली. हात मागे बांधून, कशालाही न शिवता. मग मला हळूच विचारलं, "ह्ये आमच्या दत्तानं केलं?" मी म्हटलं, "पुढारी तोच आहे." त्यांनी जाताना डाळिंबांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. सगळ्या मुलांनी मिळून ती फस्त केली.

त्या वर्षीचा खेळ कड्या फेकण्याचा होता. दत्ताच्या संघाचं यंत्र सुरेख फेकायचं, पण थोडा वेळच. टाकी लहान होती. चार-पाच कड्या गेल्या की दाब खाली यायचा, व्हॉल्व्हच्या त्या खालच्या आकड्याच्याही खाली, आणि व्हॉल्व्ह मान टाकायचा. मोठी लोखंडी टाकी लावली तर यंत्राचं वजन नियमापलीकडे जायचं. पोरं रडकुंडीला आली होती. मी सांगितलं, कड्या कमी फेका पण नीट फेका, गळती शोधा, नळ्या आखूड करा. या असल्या सल्ल्याने कुणी जिंकत नाही, हे मलाही कळत होतं.

दत्ता सुट्टीला गावी गेला आणि येताना नवी टाकी घेऊन आला. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा जाड तुकडा, दोन्ही टोकांना टोपणं आणि एका टोकाला निळ्या मुठीचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह. ठिबकचा. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या घरी पाण्याचं दुर्भिक्ष, त्याच्या घरी ठिबक. तिथल्या पोरांना खेळण्याच्या आधी हे पाइप नि व्हॉल्व्ह कळतात.

"हे काय आहे दत्ता?"

"टाकी हाय, मॅडम. वजनात बसती. व्हॉल्व्ह अण्णांनी सोताच्या हातानं काढून दिला. ह्यो बागंतला सगळ्यात भारी व्हॉल्व्ह. इतकी वर्सं झाली, एक थेंब गळत न्हाई."

"हवेला चालत नाही हा."

"हितं सहा किलो लिवलंय की! आमी सहाच्या वर जातच न्हाई."

लिहिलेलं होतं खरं. पाइपवरही होतं, व्हॉल्व्हवरही. इतर ठिकाणचं पोरगं टाकी म्हणून कोल्ड्रिंकची बाटली आणतं, त्याला दटावणं सोपं असतं, कारण तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. दत्ताने आकडा वाचून वस्तू आणली होती. मीच शिकवलं होतं ना, आधी आकडा वाचा म्हणून.

मी त्याला बसवलं आणि सांगितलं. हा आकडा पाण्याचा आहे. पाणी दाबलं तरी आकसत नाही. पाण्याची घागर फुटली तर काय होतं? पाणी सांडतं, पाय भिजतात. भरलेला पाइप फुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवा आकसून बसते. पाइपला चीर गेली की ती सगळी एकदम पसरते आणि प्लास्टिकच्या धारदार चिपा घेऊन बाहेर पडते. तोच पाइप, तोच आकडा, पण आत काय भरलंय त्यावर सगळं आहे. शिवाय आपल्या सोलापूरचं ऊन, त्यात प्लास्टिकची ताकद आणखी उतरते. दत्ता हुशार होता. त्याला कळलं, ते मला दिसलं. पटलं नाही, तेही दिसलं.

"अण्णा येणार हाईत स्पर्धा बघाय," तो मान खाली घालून म्हणाला. "त्येंचा व्हॉल्व्ह मशीनवर बसलाय, ह्ये सगळ्या वाडीला सांगितलंय त्यांनी."

"अण्णांना सांग, व्हॉल्व्ह चांगला आहे, बागेतच लावा. मॅडमनी सांगितलंय म्हणावं."

आमच्याकडे पद्धत होती. नाकारलेल्या भागावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे तो भाग पुन्हा कुणी यंत्राला लावणार नाही. ब्रश आणि डबा माझ्या टेबलाखालीच असे. मी पाइपवर एक पट्टा ओढला आणि व्हॉल्व्हवर एक. दत्ता बघत उभा होता. इतकी वर्षं तेवढं पुरत आलं होतं.

पुढचं मी जोडून जोडून समजून घेतलं आहे. तपासणीला त्यांनी जुनीच छोटी टाकी लावून आणली, मी पास केली. सरावाच्या वेळी मात्र वर्कशॉपमागच्या सिमेंटच्या अंगणात पाइपची टाकी पुन्हा चढवायची. फक्त सरावापुरती, असं एकमेकांना सांगून. लाल पट्ट्यांवर काळी टेप गुंडाळलेली. टाकी भरायला कॉलेजचा कॉम्प्रेसर नको, म्हणून पंक्चरवाल्याकडून भरून आणायची. काही दिवस यंत्र असं फेकत होतं की बघत राहावं, हे मला नंतर त्याच संघातल्या रुक्सानाने सांगितलं.

एप्रिलमधल्या भर दुपारी मी स्टाफरूममध्ये होते. आवाज आला. मला वाटलं रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. तेवढ्यात रुक्साना धावत आली. "मॅडम, जल्दी चलो. दत्ता... आँख..."

व्हॉल्व्हपाशी बारीक सूं वाजत होतं, म्हणून तो ती निळी मूठ घट्ट करायला वाकला होता. हवा न सोडता. व्हॉल्व्हचं अंग उभं चिरलं आणि पाठोपाठ पाइप फुटला. त्याचा गॉगल होता, पण घाम येतो म्हणून कपाळावर सरकवलेला. मी गेले तेव्हा तो अंगणात बसला होता, दोन्ही हात तोंडावर. बोटांमधून रक्त येत होतं आणि तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "अण्णास्नी सांगू नका, मॅडम. अण्णास्नी सांगू नका."

उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कॉलेजने चौकशी केली. जे घडलं ते मी सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. अहवाल इंग्रजीत झाला. त्याची एक प्रत अण्णांनाही दिली, त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. त्यांना वाचून दाखवायला कुणी पुढे झालं नाही. स्पर्धेतून संघाचं नाव काढलं. हे सगळं नियमाप्रमाणे झालं.

मी दवाखान्यात भेटायला गेले त्या दिवशी दत्ता पलंगावर टेकून बसला होता. अर्ध्या तोंडावर पट्टी होती. अण्णा खाली फरशीवर बसले होते, मला पाहून उठले. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याची गाठ सोडली आणि आतून तो व्हॉल्व्ह काढला. चिरलेला, निळ्या मुठीचा. कॉलेजच्या अंगणात जाऊन त्यांनी स्वतः शोधून आणला होता.

"मॅडम, ह्येच्यावर सहा लिवलंय. दुकानात मी दोनदा इचारून घेतला हुता. खोटं लिवलंय का?"

"खोटं नाही, अण्णा. ते पाण्यासाठी आहे. हवेला चालत नाही."

ते व्हॉल्व्हकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला अडाण्याला कुटनं कळावं? म्या आपला चांगला बघून दिला. पर पोराला कुनी सांगितलं न्हाई का?"

मी दत्ताकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, हात हलवला नाही. उघडा होता तो एक डोळा माझ्यावर लावून बसला होता. मी आयुष्यात पुष्कळ पोरांना परीक्षेत नापास होताना पाहिलंय, इतकं घाबरलेलं कुणाला पाहिलं नाही. डोळा गेल्याची भीती ती नव्हती.

एवढ्यात अण्णांच्या नखाने व्हॉल्व्हवरच्या काळ्या टेपचं टोक सुटलं. त्यांनी ती उचकटली. खाली माझा रंग होता.

"आन् ह्ये लाल काय हाय?"

माझी नजर पुन्हा दत्ताकडे गेली.

"मेंढरास्नी लावतो तसलं हाय का? कुनाचं कुटलं वळखाय?"

त्यांच्याकडे मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाची खूण करतात, कळपात कळप मिसळला तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून. त्या माणसाने उत्तर स्वतःच माझ्या हातात ठेवलं.

"हो," मी म्हटलं. "तसंच. कुठल्या संघाचं काय ते कळायला."

"म्हंजी सांगितलं कुनीच न्हाई."

"नाही."

त्यांनी व्हॉल्व्ह परत उपरण्यात बांधला. गाठ मारून झाल्यावर माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "मग तुमी तितं कशाला बसता, मॅडम?"

मी तिथून बाहेर पडले आणि जिन्यात बसून रडले. लोक म्हणतील, कशाला खोटं बोललात? मला त्या क्षणी एवढंच दिसलं की या माणसाला कुणावर तरी राग धरावाच लागणार. स्वतःवर धरला तर तो झुरेल. पोरावर धरला तर त्या एका डोळ्याच्या पोराला घर उरणार नाही. माझ्यावर धरला तर माझं काय जाणार होतं? तेव्हा असं वाटलं. काय जातं ते पुढे कळलं.

सांगोल्याकडून नवी पोरं प्रवेशाला यायची, त्यांचे आईवडील माझ्याकडे बघून आपसात कुजबुजायचे. एका बाईने तर तोंडावर विचारलं, "त्या पोराचा डोळा गेला, त्या मॅडम तुमीच का?" मी हो म्हटलं. दत्ताच्या लग्नाचं आमंत्रण आलं, दत्तानेच फोन केला होता, म्हणून गेले. मांडवात अण्णा प्रत्येकाला हाताला धरून पंगतीला बसवत होते. माझ्यापर्यंत आले, थांबले आणि वळून दुसऱ्या रांगेकडे गेले. मी जेवून आले, उपाशी उठले असते तर ते आणखी वाईट दिसलं असतं. घरी माझे यजमान म्हणाले, एकदा खरं सांगून टाक त्या माणसाला. मी म्हटलं, त्या पोराचं घर मोडून सांगू?

वर्कशॉपात मी पट्ट्याची पद्धत बंद केली. त्यानंतर नाकारलेली वस्तू आणणाऱ्यानेच माझ्यासमोर करवतीने कापायची, असा नियम झाला. पोरांना तो क्रूर वाटायचा. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी माझ्या तपासणीचं फार कौतुक केलं, शाल दिली. त्यांचं भाषण चालू असताना माझ्या कानात अण्णांचाच प्रश्न वाजत होता.

दत्ताने पुढे पदवी पुरी केली, पण यंत्राजवळ पुन्हा गेला नाही. आता त्याचं नातेपुत्यात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पाइप देताना तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की ह्यो आकडा पान्याचा, हवा भरायची न्हाई. गिऱ्हाईक हसतं, हवा कशाला भरतोय म्हणतं. तरी तो सांगतो.

यंदा उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "मॅडम, अण्णा गेलं."

मी जे बोलायचं असतं ते बोलले. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी लई येळा सांगाय गेलो, मॅडम. तुमी मला आदीच सांगितलं हुतं म्हनून. तोंड उघडलं की अण्णा तेच म्हनायचं. त्या बाईनं नुसतं एक डाव सांगितलं असतं तर डोळा वाचला असता. माझं पोरगं सांगितल्यालं ऐकनारं हाय." मग त्याने मलाच विचारलं, "असं म्हनल्यावर मी काय सांगू?"

"काही सांगायला नको होतंस. बरं केलंस."

"आता लिवा, मॅडम. कुटंतरी लिवा. नाव तेवडं माझं घालू नका."

म्हणून हे लिहिलं. ज्याला सांगायला हवं होतं तो वाचू शकत नव्हता, आणि आता तर तो ऐकायलाही उरला नाही. तरी दिवाळी अंकाच्या पानावर का होईना, एकदा सांगते. अण्णा, मी तिथे उगाच बसत नव्हते. मी त्याला सांगितलं होतं. तो लाल रंग माझा होता.